आभासी गोल्फ-मैदानांची रचना आणि अभिप्रायाची भाषा : एक चिकित्सा

प्रस्तावना

गोल्फ हा खेळ महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात कधीही मध्यवर्ती नव्हता. चेंबूर, पुणे वा देवळाली येथील गोल्फ-मैदाने बहुसंख्यांनी कुंपणाबाहेरूनच पाहिली आहेत. आणि ज्या राज्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत तेथे हिरवळीच्या या खेळाविषयी आत्मीयता निर्माण व्हावी, अशी अपेक्षाही करता येत नाही. तथापि या खेळाच्या आश्रयाने गेल्या तीन-साडेतीन दशकांत एक असा व्यवहार वाढीस लागला आहे, की ज्याचे स्वरूप अध्यापन व संशोधन क्षेत्रातील वाचकास ओळखीचे वाटावे. संगणकावर गोल्फ-मैदानाची रचना करणे, ती अन्य रचनाकारांना व खेळाडूंना खेळावयास देणे, त्यांचे अभिप्राय घेणे आणि त्या आधारे रचनेत फेरबदल करणे, हा तो व्यवहार होय. त्यासाठी जमीन लागत नाही, पाणी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. लागतो तो वेळ आणि दुसऱ्याचे मत ऐकून घेण्याची तयारी. प्रबंधाच्या मसुद्यावर शेरे लिहिणारा मार्गदर्शक, वास्तुकला महाविद्यालयात ज्युरीसमोर आराखडा लावून उभा राहिलेला विद्यार्थी आणि तज्ज्ञ-परीक्षकाचे पत्र हाती पडलेला लेखक हे सर्व याच जातीच्या व्यवहाराचे भागीदार असतात. प्रस्तुत लेखात आभासी गोल्फ-मैदानांवर दिल्या-घेतल्या जाणाऱ्या अभिप्रायाची चिकित्सा केली आहे. हा अभिप्राय बहुतांशी डोळ्याचा असतो, चेंडूचा नसतो, आणि त्यामुळे तो रचनाकाराला सुखावतो किंवा दुखावतो, पण क्वचितच शिकवतो, हे या चिकित्सेचे मुख्य म्हणणे आहे.

पार्श्वभूमी

गोल्फच्या मैदानात सामान्यतः अठरा 'होल' असतात. प्रत्येक होलचा आरंभ 'टी' या सपाट जागेपासून होतो. पुढे कापलेल्या गवताचा 'फेअरवे', त्याच्या कडेला वाढलेल्या गवताचा 'रफ', मध्ये वाळूचे खड्डे म्हणजे 'बंकर', आणि शेवटी अगदी बारीक कापलेले 'ग्रीन', ज्यात झेंडा रोवलेले छिद्र असते. क्रिकेटच्या वा कबड्डीच्या मैदानाप्रमाणे हे मैदान ठरावीक मापाचे नसते. फेअरवे कोठे वळावा, बंकर कोठे असावा, ग्रीनचा उतार कोणत्या बाजूस असावा, हे सर्व रचनाकार ठरवतो. म्हणूनच गोल्फ-मैदानाला कर्ता असतो, शैली असते आणि त्याची समीक्षाही संभवते. इतर फारच थोड्या खेळांच्या मैदानांविषयी असे म्हणता येईल.

संगणकीय खेळांत मैदान रचण्याची साधने सामान्य खेळाडूच्या हाती बरीच लवकर आली. १९९० साली ॲकोलेड या कंपनीने 'जॅक निकलॉस अनलिमिटेड गोल्फ अँड कोर्स डिझाइन' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच रचनेचा उल्लेख आहे. २००० साली आलेल्या 'लिंक्स २००१' या खेळासोबत अर्नोल्ड पामर यांच्या नावाचे रचनासाधन देण्यात आले. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एच.बी. स्टुडिओज या संस्थेने २०१४ साली 'द गोल्फ क्लब' हा खेळ काढला. त्यात भूप्रदेशाचा प्रकार, झाडांची दाटी, चढउतार यांविषयी काही निवडी केल्या की संगणक स्वतःच अठरा होलांचे एक कच्चे मैदान तयार करून देई, आणि मग रचनाकाराने त्याला आकार द्यावयाचा असे. हीच मालिका २०२० पासून 'पीजीए टूर २के' या नावाने पुढे चालू राहिली. दरम्यान लायडार या लेसरमापनाच्या तंत्राने नोंदवलेली प्रत्यक्ष भूमीची उंचसखलता संगणकात उतरवणेही शक्य झाले. साधने बदलली, चित्रे वास्तवाच्या जवळ गेली. मात्र एका रचनाकाराने दुसऱ्याच्या मैदानाविषयी काय बोलावे आणि कसे बोलावे, हा प्रश्न साधनांच्या प्रगतीने सुटलेला नाही.

कागदावरील होल

न खेळलेल्या, किंबहुना न बांधलेल्या मैदानावर अभिप्राय देण्याची प्रथा संगणकाहून जुनी आहे. १९१४ साली इंग्लंडमधील 'कंट्री लाइफ' या साप्ताहिकाने एका होलच्या आराखड्याची स्पर्धा जाहीर केली. दोन फटक्यांत ग्रीन गाठता येईल अशा होलची रचना वाचकांनी कागदावर काढून पाठवावयाची होती. परीक्षक होते बर्नार्ड डार्विन, होरेस हचिन्सन आणि हर्बर्ट फाउलर. पहिले दोघे गोल्फवरील नामांकित लेखक (डार्विन हे उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विन यांचे नातू, आजोबांनी जीवांच्या भेदांकडे पाहिले, नातवाने मैदानांच्या), तर तिसरे स्वतः मैदानांचे रचनाकार. पारितोषिक ॲलिस्टर मॅकेन्झी या लीड्सच्या डॉक्टरांना मिळाले. या विजेत्या आराखड्यावर आधारलेला होल पुढे अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड यांनी रचलेल्या लिडो या मैदानाचा अठरावा होल म्हणून बांधला गेला.

या प्रसंगात आभासी रचनेच्या समीक्षेचे बीज आहे. परीक्षकांपुढे गवत नव्हते, वारा नव्हता, समुद्रही नव्हता. केवळ रेषा होत्या. त्या रेषांवरून त्यांना एकच गोष्ट पाहता येत होती, ती म्हणजे खेळाडूपुढे ठेवलेल्या निवडी. मॅकेन्झी यांच्या आराखड्यात टीपासून ग्रीनपर्यंत जाण्याचे एकाहून अधिक मार्ग होते. बलवान खेळाडूने धोका पत्करून सरळ जावे, दुर्बलाने वळसा घ्यावा, आणि प्रत्येकाने आपल्या कुवतीचा हिशेब टीवर उभे असतानाच करावा, अशी ती योजना होती. चूक करणाऱ्याला शिक्षा करणारी रचना आणि खेळाडूला विचार करावयास लावणारी रचना यांतील भेद त्या काळात इंग्लंडमध्ये चर्चेत होता. जॉन लो यांनी १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात त्याची मांडणी केली होती. परीक्षकांच्या हाती म्हणून एक निकष होता. कागदावर सौंदर्य दिसत नव्हते, हा त्यांचा तोटा नव्हे, फायदाच होता असे म्हणावे लागते.

आजच्या आभासी मैदानाच्या समीक्षकाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याला सर्व काही दिसते. पहाटेचे धुके, पाण्यातील प्रतिबिंब, बंकरच्या काठावरचे वाळलेले गवत, दूरवरचे डोंगर. परिणामी तो लिहितो, की मैदान अतिशय सुंदर आहे, झाडांची लागवड उत्तम झाली आहे, सातव्या होलवरील दृश्य डोळ्यांचे पारणे फेडते. यात असत्य काही नाही. परंतु सातव्या होलवर चेंडू कोठे मारावासा वाटला, तेथे मारल्यावर पुढचा फटका सोपा झाला की कठीण, आणि दुसऱ्या खेपेस त्याच टीवर उभे राहून निर्णय बदलावासा वाटला का, याविषयी त्यात अक्षरही नसते. रचनाकाराने महिनोन्महिने घालवलेले असतात ते या तीन प्रश्नांवर, आणि त्याच्या हाती पडते ती झाडांची प्रशंसा. काव्यसंग्रहाच्या परीक्षणात मुखपृष्ठ आणि छपाई यांची स्तुती वाचून कवी जसा अवघडतो, तशीच ही अवस्था आहे.

गुणांकनाचा मोह

बहुतेक अभिप्राय गुणांच्या रूपाने दिला जातो: पाच तारका, किंवा दहापैकी अमुक गुण. यातील अडचण महाविद्यालयीन वाचकांना निराळी सांगावयास नको. परस्परांची मैदाने खेळणारे रचनाकार परस्परांना गुण देतात. कमी गुण दिला तर उद्या आपल्या मैदानावर त्याची परतफेड होईल, ही भीती असते. मग गुणांची सरासरी वर सरकत जाते आणि वरच्या टोकाला साचते. अशा ठिकाणी गुण असतो, त्यातून कळत काहीच नाही.

या संदर्भात अमेरिकी मैदान-रचनाकार टॉम डोक यांनी प्रत्यक्ष मैदानांसाठी वापरलेली शून्य ते दहा ही श्रेणी पाहण्यासारखी आहे. त्यांच्या 'कॉन्फिडेन्शियल गाइड'ची पहिली प्रत १९८८ मध्ये खासगीरीत्या मित्रपरिवारात फिरली. ग्रंथरूपाने ती १९९६ साली बाहेर आली. या श्रेणीत सर्वसाधारण मैदानाला तीन गुण आहेत. पाच गुण म्हणजे साधारणाहून बरेच चांगले. ज्यांना परीक्षेतील पस्तीस टक्क्यांची सवय आहे त्यांना दहापैकी पाच हा गुण जेमतेम वाटेल. प्रत्यक्षात तो सन्मान आहे. अधिक महत्त्वाचे असे, की प्रत्येक अंकाला एक अर्थ जोडलेला आहे, आणि तो अर्थ वाचकाने काय करावे याच्याशी निगडित आहे: या मैदानासाठी मुद्दाम प्रवास करावा की नाही, जवळून जात असल्यास थांबावे की नाही. शून्य हा अंक तर निकृष्ट मैदानासाठी राखलेलाच नाही. अमाप पैसा ओतून निसर्गाशी फटकून बांधलेले, मुळात बांधावयासच नको होते असे मैदान, त्याला शून्य.

आभासी जगात हा शून्य कोणाला द्यावा? येथे पैसा वाया जात नाही, टेकडी कापली जात नाही. डोक यांचा शून्य हा एक नैतिक शेरा आहे आणि त्याला भूमीचा आधार आहे. तो आधार काढून घेतल्यावर शून्याला अर्थ उरत नाही. आभासी मैदानाचा अपव्यय एकच, आणि तो म्हणजे खेळणाऱ्याच्या वेळेचा. एखाद्या मैदानावर अठरा होल खेळून झाल्यावर त्यांतील चारही आठवत नसतील, तर समीक्षकाने तेवढेच लिहावे. किती आठवले आणि कोणते, हा अभिप्राय दहापैकी सातपेक्षा रचनाकाराला अधिक सांगतो.

चालण्याचा प्रश्न

मॅकेन्झी यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोटेखानी पुस्तकात उत्तम मैदानाची तेरा लक्षणे दिली आहेत. त्यांतील एक लक्षण असे, की एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत फार चालावे लागू नये. आभासी मैदानावर हे लक्षण पूर्णपणे निरर्थक ठरल्यासारखे वाटते. खेळाडू ग्रीनवर चेंडू छिद्रात टाकतो आणि क्षणार्धात पुढच्या टीवर उभा असतो. मध्ये अर्धा मैल अंतर असले काय किंवा दरी असली काय, पायांना त्याची गंधवार्ता नसते. म्हणून अनेक रचनाकार डोंगरातील अठरा सुरेख जागा निवडतात आणि तेथे अठरा होल बसवतात. त्यांना मैदान म्हणावे की चित्रांचा संग्रह, हा वादाचा विषय आहे.

या वादात एक पक्ष असे म्हणतो, की जे साधन चालण्यापासून मुक्त आहे त्यावर चालण्याचे नियम लादणे हा जुन्या सवयींचा हट्ट होय. चित्रपटाने रंगभूमीवरील प्रवेश-प्रस्थानांचे नियम पाळावेत असे कोणी म्हणत नाही. हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. परंतु त्यात होलांच्या क्रमाचे महत्त्व ध्यानात घेतलेले नाही. प्रत्यक्ष मैदानात रचनाकार भूमीला शरण असतो. दोन उत्तम होलांच्या मध्ये एक नावडता पट्टा असतो आणि तो ओलांडण्यासाठी त्याला एखादा आखूड, चमत्कारिक, कोणत्याही नमुन्यात न बसणारा होल करावा लागतो. मैदानाला स्वभाव येतो तो पुष्कळदा अशा होलांमुळे. ज्याला कोणताही पट्टा ओलांडावयाचा नाही त्याच्या हातून असा होल होत नाही. होतात ते अठरा शिखरे, आणि शिखरांची रांग सपाटच दिसते. चालण्याची अट ही म्हणून आभासी रचनाकारासाठी छंदोबंधनासारखी आहे. ती पाळावीच असे नाही, पण कोठे मोडली आणि मोडून काय मिळवले, हे विचारण्याचा अधिकार समीक्षकाला आहे. प्रत्यक्षात हा प्रश्न फारच थोडे समीक्षक विचारतात, कारण त्यांनीही ते अंतर कापलेले नसते.

तक्रार आणि उपाय

अभिप्राय घेणाऱ्याची बाजू देण्याइतकीच अवघड आहे. या बाबतीत प्रत्यक्ष मैदानाचा एक प्रसिद्ध इतिहास उद्बोधक ठरतो. फ्लोरिडातील टीपीसी सॉग्रास हे पीट डाय यांनी दलदलीच्या जागेवर रचलेले मैदान १९८० साली खुले झाले आणि १९८२ साली तेथे प्रथमच व्यावसायिकांची 'प्लेअर्स' स्पर्धा झाली. खेळाडूंचा संताप अनावर झाला. ग्रीन इतके उंचसखल होते, की चांगला फटका मारूनही चेंडू झेंड्याजवळ थांबेना. जाहीर तक्रारी झाल्या, उपहास झाला. त्या वर्षी विजयी झालेल्या जेरी पेट यांनी स्पर्धा संपल्यावर टूरचे आयुक्त डीन बेमन आणि खुद्द रचनाकार डाय या दोघांना अठराव्या होलजवळच्या तळ्यात ढकलून दिले आणि पाठोपाठ स्वतःही उडी घेतली. अभिप्राय देण्याची ही पद्धत अन्यत्र अनुकरणीय नसली, तरी तीत एक मोकळेपणा आहे हे मान्य करावे लागते.

त्यानंतर डाय यांनी ग्रीनचे उंचवटे सौम्य केले. मात्र पाण्याने वेढलेला सतराव्या होलचा ग्रीन, ज्याच्याविषयी भय सर्वांत अधिक होते, तो तसाच ठेवला. त्यांनी तक्रारी ऐकल्या, पण तक्रारींची वाटणी केली. ग्रीनवरील उंचवटे चांगल्या आणि वाईट फटक्यांना सारखीच शिक्षा देत होते; तेथे खेळाडू बरोबर होते. सतराव्या होलचे पाणी केवळ वाईट फटक्याला शिक्षा देत होते आणि भय ही त्या होलची उणीव नव्हती, त्याचे प्रयोजन होते. दोन्ही तक्रारींचा सूर एकच असला, तरी त्यांचा अर्थ एक नव्हता.

सतराव्या होलची जन्मकथाही अभिप्रायाचीच कथा आहे. मूळ योजनेत त्या ग्रीनला वेढणारे पाणी नव्हते. कडेला एक लहानसे तळे तेवढे होते. परंतु त्या जागी चांगली वाळू लागली आणि मैदानाच्या इतर भागांसाठी ती उपसता उपसता भला मोठा खड्डा झाला. आता तेथे होल कसा बसवावा या पेचात डाय असताना त्यांच्या पत्नी ॲलिस डाय, ज्या स्वतः नामांकित गोल्फपटू व रचनाकार होत्या, त्यांनी ग्रीनचे बेट करण्याची सूचना केली. एका वाक्यातील या सूचनेने जगातील बहुधा सर्वांत ओळखला जाणारा होल घडला. तिच्यात स्तुती नव्हती, निंदा नव्हती, गुणही नव्हते. समोरच्या अडचणीकडे पाहून केलेली ती सूचना होती आणि बोलणाऱ्या व्यक्तीला त्या जागेची पूर्ण माहिती होती.

आभासी रचनाकारांकडे येणाऱ्या अभिप्रायांत तक्रारी आणि उपाय सरमिसळ होऊन येतात, आणि अनुभवी रचनाकार त्यांना वेगळे करावयास शिकतो. उदाहरणार्थ, एखादा खेळाडू लिहितो, की बाराव्या होलवरील डावीकडचा बंकर काढून टाकावा. हा उपाय आहे. त्यामागची तक्रार बहुधा अशी असते, की तो बंकर टीवरून दिसत नाही आणि चेंडू त्यात गेल्यावर फसवणूक झाल्यासारखे वाटते. बंकर काढला तर होल मरतो. बंकरपुढील उंचवटा दोन-तीन फुटांनी उतरवला तर बंकर दिसू लागतो आणि होल जगतो. तक्रार खरी असते, उपाय खोटा असतो. खेळाडूचा अनुभव प्रमाण मानावा, त्याचे निदान प्रमाण मानू नये, हे रचनाकाराला उमगावयास काही मैदाने खर्ची पडतात. विद्यार्थ्यांनी भरून दिलेल्या अध्यापक-मूल्यमापनाच्या प्रपत्रांचे वाचन करणाऱ्यांनाही हा फरक परिचित असावा.

उताराचा आणि वेगाचा घोळ

सर्वाधिक वाद ग्रीनच्या उतारावरून होतात आणि त्यांतील बरेचसे गैरसमजातून होतात, म्हणून या प्रश्नाकडे थोडे तपशिलाने पाहणे इष्ट आहे. ग्रीनवर चेंडू किती घरंगळतो हे केवळ उतारावर अवलंबून नसते. गवत किती बारीक कापले आहे, यावरही असते. हा वेग मोजण्यासाठी एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ साली एक साधे उपकरण तयार केले: खाच पाडलेली एक पट्टी. ती ठरावीक कोनापर्यंत उचलली की चेंडू तिच्यावरून घरंगळतो आणि ग्रीनवर किती फूट जातो ते मोजावयाचे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७०च्या दशकात हे उपकरण स्वीकारले, तेव्हा अमेरिकेतील सामान्य ग्रीनचा वेग साडेसहा फुटांच्या आसपास होता. आज व्यावसायिक स्पर्धांत तो अकरा-बारा फूट वा त्याहूनही अधिक असतो. अशा वेगावर शेकडा तीनहून अधिक उतार असलेल्या जागी झेंडा लावणे धोक्याचे ठरते, कारण चेंडू छिद्राजवळ थांबतच नाही.

आता संगणकीय खेळात ग्रीनचा वेग खेळाडूला वा स्पर्धेच्या आयोजकाला बदलता येतो. रचनाकाराने मध्यम वेग गृहीत धरून ग्रीन घडवलेले असतात. खेळाडू ते सर्वाधिक वेगावर खेळतो आणि लिहितो, की ग्रीन अन्यायकारक आहेत. रचनाकार दुखावतो किंवा निमूटपणे ग्रीन सपाट करतो. दोघांपैकी कोणीही वेगाचा उल्लेख केलेला नसतो. काही मैदानांच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्त्या पहिलीहून नीरस असतात, त्याचे एक कारण हे आहे. कोणत्या वेगावर, कोणत्या वाऱ्यात, कोणत्या टीवरून आणि किती वेळा खेळून हा अभिप्राय दिला, एवढी नोंद शीर्षस्थानी असावी ही अपेक्षा क्षुल्लक वाटेल. परंतु तापमान न नोंदवता प्रयोगाचा निष्कर्ष देणाऱ्या विद्यार्थ्याची प्रयोगवही कोणताही विज्ञान-शिक्षक परत करील.

लिडो : पडद्यावरून जमिनीवर

आभासी रचना हा निव्वळ करमणुकीचा भाग आहे, तेव्हा तिच्यावरील अभिप्रायाची एवढी चिकित्सा कशासाठी, असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे उत्तर लिडोच्या उत्तरचरित्रात आहे. मॅकेन्झी यांचा कागदावरील होल जेथे बांधला गेला ते लिडो मैदान १९१७ साली खुले झाले. दलदलीत वाळूचा प्रचंड भराव टाकून, अभियंता सेथ रेनर यांच्या साहाय्याने मॅकडोनाल्ड यांनी ते उभे केले होते. स्कॉटलंड-इंग्लंडमधील नामांकित होलांचे नमुने त्यात त्यांनी आपल्या पद्धतीने योजले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ती जागा अमेरिकी नौदलाकडे गेली आणि मैदान नष्ट झाले. उरली ती छायाचित्रे, नकाशे आणि जुन्या लेखकांची वर्णने.

या अवशेषांवरून पीटर फ्लोरी या अमेरिकी गोल्फ-अभ्यासकाने 'द गोल्फ क्लब' मालिकेतील रचनासाधन वापरून लिडोची आभासी प्रतिकृती घडवली. व्यवसायाने ते रचनाकार नव्हते. हे काम दीर्घकाळ चालले, आणि गोल्फच्या इतिहासाच्या अन्य अभ्यासकांशी साहित्याची व मतांची देवाणघेवाण करीत ते पुढे गेले. येथे अभिप्रायाचे स्वरूपच पालटते. लिडोच्या प्रतिकृतीसंबंधी हा ग्रीन आवडला की नाही, हा प्रश्न गैरलागू होता. प्रश्न होता तो असा: या छायाचित्रात बंकरचा काठ ग्रीनच्या वर दिसतो, प्रतिकृतीत तो खाली का आहे? आवडीनिवडीचे राज्य संपून पुराव्याचे राज्य सुरू झाले, आणि अभिप्राय देणारा व घेणारा एकाच बाजूला, एकाच छायाचित्रावर वाकून उभे राहिले. आभासी मैदानांवरील अभिप्रायाचा हा सर्वांत सकस नमुना मानावा लागेल. विशेष हे, की एखादा ग्रीन आजच्या खेळाडूला अतिरेकी वाटला, तरी तो सौम्य करण्याची मुभा येथे नव्हती. तसे करणे म्हणजे जुन्या हस्तलिखितातील कठीण पाठ बदलून त्या जागी सोपा घालण्यासारखे झाले असते, आणि पाठचिकित्सेचा तर दंडक असा, की कठीण पाठच बहुधा मूळचा असतो.

पुढे विस्कॉन्सिन राज्यातील सँड व्हॅली येथे मायकेल व ख्रिस कायझर या बंधूंनी लिडो पुन्हा जमिनीवर उभारण्याचे ठरवले. रचनेची जबाबदारी टॉम डोक यांच्या संस्थेकडे आली. फ्लोरी यांची आभासी प्रतिकृती आधारभूत धरून ब्रायन झेगर यांनी त्यातील उंचसखलतेचे रूपांतर उपग्रहाच्या साहाय्याने चालणाऱ्या बुलडोझरना वाचता येईल अशा माहितीत केले, आणि २०२३ साली मैदान खुले झाले. ज्या चढाविषयी चार अभ्यासकांनी पडद्यासमोर वाद घातला असेल, त्या चढाला आता माती होती. पडद्यावर चुकलेला एक फूट जमिनीवरही एक फूटच चुकला असता.

या यशाने भारावून जाऊन आभासी अभिप्राय स्वयंपूर्ण मानणे मात्र योग्य होणार नाही. मूळ लिडोला अटलांटिकचा शेजार होता. सँड व्हॅली समुद्रापासून शेकडो मैल आत आहे. आकार परत आले, समुद्र आला नाही. शिवाय पडद्यावर पाऊस पडला तरी पाणी साचत नाही. आभासी ग्रीनच्या मध्यभागी बशीसारखा खळगा करणारे रचनाकार विपुल आहेत, कारण तेथे झेंडा लावला की चेंडू आपोआप छिद्राकडे वळतो आणि खेळाडू प्रसन्न होतो. प्रत्यक्षात त्या बशीत पावसाचे पाणी तुंबेल आणि गवत कुजेल. ग्रीनवरून पाणी कोणत्या दिशांना उतरेल हा विचार प्रत्यक्ष रचनाकाराच्या पहिल्या रेषेपासून असतो, आणि जुन्या ग्रीनचे पुष्कळसे सुंदर चढउतार हे खरे तर पाणी वाहून नेण्याचे मार्ग आहेत. कोकणातल्या शेताच्या बांधांकडे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आभासी मैदानांवरील अभिप्रायांत, ती मैदाने कधीतरी जमिनीवर उतरू शकतात हे २०२३ मध्ये दिसून आल्यानंतरही, पाणी कोठे जाईल असे विचारणारा समीक्षक विरळाच आढळतो.

लिडोच्या अठराव्या होलबाबतही एक प्रश्न शिल्लक आहे. मॅकेन्झी यांनी १९१४ साली आखलेले पर्यायी मार्ग त्या काळच्या चेंडूच्या आणि लाकडी दांड्याच्या पल्ल्यावर बेतलेले होते. आजचा बलवान खेळाडू तीनशे यार्डांच्या आसपास चेंडू मारतो. त्याच्यासाठी वळशाचा मार्ग आणि सरळ मार्ग यांतील निवड पूर्वीइतकी कठीण राहत नाही. यावर टी मागे न्यावी, की होल जसा होता तसाच राखावा आणि त्या टीवर खेळणाऱ्याने आपला पल्ला आवरावा, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येईल. हचिन्सन, डार्विन आणि फाउलर यांना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. त्यांनी निकाल दिला तेव्हा त्या होलवर एकही चेंडू मारला गेलेला नव्हता.